धरणाकाठी प्लॉट घेताय? आधी सातबारा वाचा

सुट्टीतल्या घराचं वेड आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. आमच्या कोडोली-वारणानगर भागातल्या नोकरदार घरांतही धरणाकाठच्या ‘फार्महाऊस प्लॉट’ची बोलणी होऊ लागली आहेत. मैत्रिणींनो, अशा वेळी चहा देऊन आत निघून जाऊ नका. पतसंस्थेत तारण जाणारं सोनं बहुतेक वेळा आपलंच असतं!

लवासाचंच बघा. पुणे जिल्ह्यात वरसगाव धरणाकाठी अख्खं शहर उभं राहणार होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, काम अडलं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि घरासाठी पैसे भरलेले लोक वर्षानुवर्षं ताटकळले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, मग एजंटाच्या तोंडी शब्दाचं काय घेऊन बसलात?

आपल्याकडची अशी जमीन बहुतेक शेतीची असते. जो शेतकरी नाही त्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. वर तुकडेबंदी कायदा आहेच. २०२५ मध्ये सरकारनं शहरी आणि रहिवासी झोनमधल्या लहान तुकड्यांना सवलत दिली, पण ती धरणाकाठच्या शेताला लागू असेलच असं धरून चालू नका. “सामाईकात नाव लावून देतो,” असं कुणी म्हणालं की सावध व्हा. वाट कुठली, हद्द कुठली, यावरून पुढं भांडणं ठरलेली.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ लिहिलं असेल तर सहसा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी अनेकदा याच वर्गातल्या असतात. कोयना काय, चांदोली काय, धरणासाठी गावंच्या गावं उठली. त्यांच्या वाट्याला आलेलं रान आपण सुट्टीसाठी स्वस्तात घ्यायचं, हे मला तरी पटत नाही. आणखी एक बघा, विकणाऱ्याच्या बहिणींची नावं लागलीत का? २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाइतकाच हक्क दिला आहे. भावानं परस्पर विकली, तर उद्या ती माउली कोर्टात जाईल, आणि तिचं बरोबरच असेल.

राधानगरी-चांदोलीकडं अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पामुळं बांधकामावर वेगळी बंधनं आहेत. तहसील आणि वनखात्यात लेखी विचारा.

समजा, कागद स्वच्छ निघाले आणि घर झालं. मग मैला कुठं जाणार? नोव्हेंबर २०२३ पासून काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं कोल्हापूरच्या नळाला येतं. वारणेचं पाणी आपण पितो, उसालाही देतो. काठावरच्या घराची सेप्टिक टाकी पाझरली तर ते शेवटी आपल्याच हंड्यात येणार. टाकी पक्की हवी, पाण्यापासून लांब हवी आणि वेळच्या वेळी उपसायला हवी. प्लॅस्टिकचा कचरा गाडीत घालून परत आणायचा, तिथं जाळायचा नाही. वर्षातले दहा-पंधरा दिवस आपण राहणार. बाकी दिवस राखण करणाऱ्या गावातल्या बाईला महिन्याचा पगार वेळेवर द्यायचा; “राहताय की फुकट” म्हणून भागवायचं नाही.

हा सगळा खर्च धरून हिशेब मांडा. मालकांना म्हणावं, आधी फेरफार उतारे आणि बांधकामाची परवानगी दाखवा, इसाराचं नंतर बघू.