उत्सवापेक्षा तालीम महत्त्वाची

जर्मनीला माणसे कमी पडत आहेत आणि महाराष्ट्रातले शिकलेले तरुण काम शोधत आहेत. या दोन गरजांची सांगड घालण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, भारतातील कुशल कामगारांना दरवर्षी द्यायच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जर्मन सरकारने जाहीर केले. जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या आता सर्वांत मोठी आहे. आजवर परदेश म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगणक अभियंता येई. यापुढे परिचारिका, इलेक्ट्रिशियन आणि गाडीचालकही त्या वाटेने जातील.

जाणाऱ्यांच्या तयारीत व्हिसा, भाषेची परीक्षा, घरभाडे, आरोग्य विमा या सगळ्यांना जागा असते. तिथे पोचल्यावर सोबत कोणाची, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ती आपोआप मिळेल असे गृहीत धरलेले असते. डिसेंबरात जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये साडेचारच्या सुमारास अंधारते, रविवारी दुकाने बंद असतात, शेजारी सभ्य असतात पण दार वाजवत नाहीत. अशा पहिल्या हिवाळ्यात पगार वेळेवर येत असूनही माणूस खचतो. नोकरी सोडून परतण्याचा विचार पुष्कळदा इथेच मूळ धरतो, आणि घरच्यांना काळजी नको म्हणून फोनवर ‘सगळं छान आहे’ असेच सांगितले जाते.

हा एकटेपणा स्वभावदोष नाही. गावात मैत्री जुळते ती शाळा, गल्ली, नातेवाईक आणि रोजची येजा यांच्या आधाराने. हा आधार इतका सवयीचा असतो की तो दिसतही नाही. स्थलांतरात तो एका दिवसात नाहीसा होतो. कॅन्सस विद्यापीठातील संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतेच दुसऱ्या गावी राहायला गेलेले प्रौढ आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांची पाहणी केली होती. त्यांच्या अंदाजानुसार, ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, खऱ्या मित्रापर्यंत पोचायला ९० आणि जिवलग मित्रापर्यंत २०० हून अधिक. शिवाय नोकरीच्या कामात शेजारी बसून गेलेला वेळ मोकळ्या वेळेइतका उपयोगी पडत नाही.

हे आकडे काटेकोर नियम म्हणून घेऊ नयेत, पण त्यांवरून एक हिशेब मांडता येतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम वर्षातून चार वेळा, प्रत्येकी पाच-सहा तासांचे झाले, तर वर्षाकाठी वीस-चोवीस तास होतात आणि तेही दोनशे-तीनशे माणसांत विभागलेले. त्या गतीने साधी मैत्री जुळायलाच दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. याउलट त्याच आठ-दहा जणांची दर आठवड्याला दोन तास भेट होत राहिली, तर दहा-अकरा महिन्यांत ९० तास भरतात. म्हणून गणेशोत्सवाला हौसेने जाऊन आलेला तरुण घरी परतल्यावर पुन्हा एकटाच असतो. ज्याने त्या उत्सवातल्या नाटकाच्या तालमी केल्या, ढोल-ताशाच्या सरावाला हजेरी लावली, मांडवासाठी सामान वाहिले, त्याला माणसे मिळालेली असतात. उत्सवात ओळखी होतात, मैत्री तालमीत होते.

मराठी माणसाला हे शहाणपण नवे नाही. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या कामगारांनी एका गावच्या माणसांसाठी सामाईक खोल्या घेतल्या, गावाच्या नावाने मंडळे काढली, खाणावळीत एका पंगतीला जेवले. नव्याने आलेल्याला झोपायला जागा, जेवायला ताट आणि गिरणीत कोणाला भेटायचे याची माहिती तिथेच मिळे. सोबत ही रोजच्या व्यवहारातच विणलेली होती. पुढे लंडनमध्ये १९३२ साली महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. उत्तर अमेरिकेत, अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर मराठी कुटुंबे वाढली, शहरोशहरी मंडळे निघाली आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. त्या मंडळांची सर्वांत टिकाऊ कामगिरी भव्य अधिवेशनांपेक्षा शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत दिसते. पालकच तिथे शिक्षक असतात, दर आठवड्याला भेटतात आणि मुलांच्या निमित्ताने मोठ्यांचीही मैत्री होते.

तरीही मराठी वर्तुळ हा पहिला मुक्काम मानायला हवा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी नात्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत: आपल्यासारख्यांना घट्ट बांधणारी नाती आणि वेगळ्यांशी पूल बांधणारी नाती. पहिली आजारपणात धावून येतात. दुसऱ्यांमुळे घर मिळते, कामाची नवी संधी कळते, सरकारी कागदाचा अर्थ उलगडतो आणि तो देश परका वाटेनासा होतो. फक्त आपल्या माणसांत राहिलेल्याला दहा वर्षांनीही पाहुण्यासारखेच वाटते. आपल्या माणसांना टाळून थेट ‘त्यांच्यात’ मिसळू पाहणारा अडचणीच्या रात्री उघडा पडतो. दोन्ही हवीत, आणि त्यांचा क्रमही बहुधा हाच असतो.

जर्मनीत दुसऱ्या वर्तुळाचे दार कुठे आहे, हे माहीत असले पाहिजे. तिथला माणूस सहज घरी बोलावत नाही, पण तो संस्थेत भेटतो. ‘फेराइन’ म्हणजे नोंदणीकृत हौशी संस्था. सात सभासद जमले की अशी संस्था नोंदवता येते आणि देशात त्या लाखोंच्या संख्येने आहेत. फुटबॉल, गायन, गिर्यारोहण, बुद्धिबळ, सामूहिक बागा अशा जवळपास प्रत्येक छंदासाठी फेराइन असते. छोट्या गावांत आग विझवण्याचे कामही स्वयंसेवकांची दलेच करतात. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच माणसे आणि हाताला काम, अशी मैत्रीला लागणारी सगळी सामग्री तिथे तयार असते. भाषा कच्ची असली तरी चेंडू टाकता येतो, खुर्च्या मांडता येतात, आणि त्यातूनच भाषा पक्की होते. जर्मन सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये एकटेपणाविरुद्ध राष्ट्रीय धोरण मंजूर केले. म्हणजे समोरचा माणूसही सोबतीच्या शोधात असू शकतो, हे आपल्या संकोची तरुणांनी लक्षात ठेवावे.

सर्वांत जास्त काळजी जोडीदारांची वाटते. युरोपीय ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या कामाच्या परवान्यावर, गेलेल्या नोकरदाराच्या पत्नीला किंवा पतीला येण्यापूर्वी जर्मन भाषेचा पुरावा द्यावा लागत नाही. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळे पुष्कळ जणी एक शब्दही न येता पोचतात. नवऱ्याला निदान कार्यालय असते. इथली नोकरी सोडून गेलेल्या तिला चार भिंती आणि घड्याळातला साडेतीन-साडेचार तासांचा फरक एवढेच असते. भाषेचा वर्ग अशा वेळी दोन कामे करतो. सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात भाषेच्या ६०० तासिका असतात. इतके तास एकाच वर्गात सीरियाची, युक्रेनची, ब्राझीलची माणसे भेटत राहिली, तर त्यांतून एखादी मैत्रीण मिळतेच. म्हणून जोडीदाराचा भाषावर्ग हा कुटुंबाचा पहिल्या महिन्यातला खर्च मानावा. ‘पुढे बघू’ म्हणून तो ढकलू नये.

सरकारचीही जबाबदारी आहे. करार करून तरुणांना पाठवताना भाषेबरोबर तिथल्या सामाजिक जीवनाची ओळखही प्रशिक्षणात हवी. एका जिल्ह्यातून जाणाऱ्यांना शक्यतो जवळपासच्या गावांत नेमले जावे आणि आधी गेलेल्यांपैकी एक जण पहिले सहा महिने नव्या माणसाचा मार्गदर्शक असावा. मंडळांनी मोठ्या कार्यक्रमांच्या जोडीला छोट्या, साप्ताहिक भेटींवर भर द्यावा. नव्या सभासदाला वर्गणीची पावती देऊन थांबू नये, पहिल्याच दिवशी काम द्यावे. अभियंता आणि परिचारिका, जुने आणि नवे, यांच्यातल्या भिंती मंडळातच पडल्या नाहीत तर बाहेर पडणार नाहीत.

आणि जाणाऱ्यांना एक आग्रहाचे सांगणे. पहिल्या वर्षी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी राखून ठेवा, एक आपल्या माणसांसाठी, एक तिथल्या माणसांसाठी. पहिल्या पाच-सहा वेळा अवघडल्यासारखे होईल, तरी जात राहा. मैत्री जुळायला तेवढा वेळ लागतोच.