तोडण्याआधी नाव विचारा

मे महिन्यात कोकणातल्या वाडीवाडीत माणसं परततात. मुंबईची मुलं सुट्टीला येतात, आखातातली मंडळी रजेवर येतात आणि बहुतेक घरांत एक काम निघतं, पावसाआधी जागा साफ करण्याचं. कोयती-कुऱ्हाडी लागतात. आंबा, काजू, फणस राखले जातात आणि बाकीचं सगळं ‘रान’ म्हणून जातं. ज्याचं नाव ठाऊक असतं ते वाचतं, ज्याचं नसतं ते सरपण होतं. म्हणून या महिन्यात आपण चार झाडांची ओळख करून घेऊ.

झाडाला चार प्रश्न विचारावेत. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? पान तोडलं तर चीक येतो का? साल कशी आहे? फळ कसलं आहे? झाडाखालचं जुनं फळ सापडलं, तर अर्धं काम झालं.

ऐन. सालीवर खोल, चौकोनी भेगा असतात. मगरीची पाठ आठवावी. फळाला पाच पंख असतात. याचाच भाऊबंद किंजळ. त्याची साल इतकी भेगाळत नाही आणि फळ लहान असून त्याचा एकच पंख मोठा असतो. पाऊस सरताना झाडभर तांबूस फळांचे घोस दिसले, तर तो किंजळ समजावा. दोन्ही इमारती लाकडाची झाडं. उभं ऐन वाढायला किती वर्षं लागली, याचा विचार तोडणाऱ्याने करावा.

ताम्हण. ओढ्याकाठी, पाणथळ जागी सापडतं. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांनी भरतं. हे महाराष्ट्राचं राज्यफूल. फुलं गेल्यावरही फांद्यांवर गोल, कठीण फळं राहतात, त्यावरून ओळख पटते.

कुडा आणि काजरा. ही जोडी मुद्दाम एकत्र सांगतो, कारण इथे चूक महागात पडते. पोटाच्या तक्रारीवर पांढऱ्या कुड्याची साल जुन्या घरांत वापरतात. कुड्याचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, फुलं पांढरी आणि शेंगा लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या. काजरा, म्हणजे कुचला, याला चीक नसतो. पान चकचकीत असतं आणि बुडापासूनच तीन ते पाच ठळक शिरा निघतात. पिकलेलं फळ नारिंगी, चेंडूसारखं गोल असतं. त्यातल्या बटणासारख्या चपट्या बियांत जहाल विष असतं. हकीम-वैद्य त्या शुद्ध करूनच वापरतात. घरी हा प्रयोग नको. मुलांना हे फळ दाखवून ठेवा आणि कोणत्याही झाडाची साल ओळख पक्की नसताना औषध म्हणून उकळू नका.

आणखी एक गोष्ट. हिरवं दिसतं ते सगळं इथलंच असतं असं नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, कुंपणाला लावलेलं गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं आणि आपला काजूसुद्धा पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. त्यांच्याशी वैर नको, काजूवर तर कित्येक घरं चालतात. पण बांधावर नवं रोप लावायचं झालं, तर इथल्या मातीतलं एखादं झाड जरूर निवडावं.

शिकवणारे घरातच आहेत. आजी-नानींना झाडांची नावं तोंडपाठ असतात, पण त्या कुणी लिहून ठेवा म्हणत नाहीत. या सुट्टीत मुलांच्या हाती वही द्या. घराभोवतीची, मशिदीच्या वाटेवरची, कब्रस्तानातली जुनी झाडं त्यांनी पाहावीत, गळलेलं पान वहीत दाबावं, खाली नानीने सांगितलेलं नाव लिहावं. गावागणिक नाव बदलतं, म्हणून दोन्ही नावं लिहावीत.

मग कोयती काढण्याआधी ती वही एकदा चाळा. जागा साफ करताना चार झाडं राखली, तर घराची जागा कमी होत नाही, सावली मात्र वाढते.