मानवतेची बिनपगारी उमेदवारी

आमच्या सरकारी वसाहतीत मध्यंतरी पेढे वाटले गेले. शेजारच्या एका लेखनिकाच्या कन्येची संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील सचिवालयात उमेदवारीसाठी निवड झाली होती. पुढच्याच आठवड्यात तिने नकार कळविला. वेतन शून्य, विमानभाडे, व्हिसा, विमा, निवास हा सारा खर्च उमेदवाराचा! वडिलांनी भविष्य निर्वाह निधीचा हिशेब दोनदा मांडला; दोन्ही वेळा तो तोकडाच पडला.

हा तिच्या एकटीचा दुर्दैवयोग नव्हे. सचिवालयाचा नियमच असा आहे, आणि २०२० साली नियम नव्याने काढतानाही तो कायम ठेवण्यात आला. याच संस्थेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याचे २३ वे कलम काम करणाऱ्या प्रत्येकास न्याय्य मोबदल्याचा हक्क देते. जगाला शिकविलेले हे तत्त्व स्वतःच्या कचेरीच्या उंबरठ्याशी का अडखळावे?

कोणी म्हणेल, हे काम नव्हे, शिक्षण आहे. मग आपला १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा पाहावा. कारखान्यात लेथ शिकणाऱ्या मुलालाही तो विद्यावेतन देववितो. संयुक्त राष्ट्रांच्याच परिवारातील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही आपल्या उमेदवारांना ते देते. म्हणजे गोष्ट अशक्य नाही. इच्छेचाच काय तो अभाव आहे.

दुसरा कोणी म्हणेल, सेवेची तळमळ असणाऱ्याने पैशाकडे पाहू नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. याहून मोठी तळमळ कोणती? परंतु ते वैद्यकीय पथक राष्ट्रीय सभेने पाठविले होते आणि त्यासाठी देशात वर्गणी जमविली होती. त्याग डॉक्टरांचा होता. वाटखर्च देशाचा होता.

श्रीमंत राष्ट्रे हे ओळखून आहेत. कनिष्ठ व्यावसायिक अधिकारी योजनेखाली ती मुख्यत्वे आपल्याच तरुणांचा खर्च उचलून त्यांना या संस्थांत धाडतात. आपले सरकार १९६४ पासून परदेशी उमेदवारांना स्वखर्चाने येथे प्रशिक्षण देत आले आहे. त्याला आपल्या गुणी मुलांसाठी एखादी शिष्यवृत्ती ठेवणे जड का जावे?

बदलीचा हुकूम हाती पडताच प्रवासभत्त्याचा अर्ज भरणारे आपण! त्यात आपल्याला कधी लाज वाटली नाही, आणि वाटूही नये. मग आपल्या मुलांनी फुकट राबण्यालाच सेवा का म्हणावे? ज्या मेजाभोवती जगाच्या दारिद्र्याचा विचार होतो, तेथे सहा महिने मिळकतीवाचून राहू शकणाऱ्यांनाच प्रवेश असेल, तर तेथे दारिद्र्य जाणणारा बसणार तरी कोण?