वास मासळीचा की हातांचा?

बसवनगुडीत पहाटे साडेचारला माझा फोन वाजतो. आई मुंबईत सॅसून डॉकवर लिलाव सुरू व्हायची वाट बघत उभी असते, तेवढ्या वेळात मला अभ्यासाला उठवते. मागून बोटींची इंजिनं, बर्फ फोडण्याचे ठोके, हातगाडीवाल्यांचं 'बाजू, बाजू' आणि कुणाची तरी शिवी ऐकू येते. मी उशीत तोंड खुपसून बोलते. माझी आई काय काम करते हे घरमालकीणबाईंना माहीत नाही.

खोली बघायला आले तेव्हा त्यांनी तीन प्रश्न विचारले होते. गाव कोणतं, आडनाव काय, आणि 'प्युअर व्हेज ना?' तिसऱ्या प्रश्नाला मी 'हो' म्हणाले. समाजशास्त्रात पीएचडी करणारी, कोळीवाड्यात वाढलेली मुलगी एका अक्षरात आईला नाकारून मोकळी झाली. तुमच्यापैकी अनेकांनी हा 'हो' कधी ना कधी म्हटला असेल. घरून आलेली सुकट हॉस्टेलच्या दारात टाकून दिली असेल, आडनाव गिळून फक्त नाव सांगितलं असेल.

यावर माझे पुरोगामी मित्र म्हणतात, घर त्यांचं, आवड त्यांची. ठीक. पण ही आवड कायद्याच्या नेमक्या कोणत्या फटीत राहते ते बघा. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत. भाड्याच्या घराचं नाव नाही. गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम वैध ठरवला. मग कुणाला 'तुमची जात चालत नाही' असं तोंडाने म्हणायची गरजच उरत नाही. स्वयंपाकघराबद्दल विचारलं की काम होतं.

आणि ही बहुसंख्यांची आवडही नाही. 2014 च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात कर्नाटकातले शाकाहारी साधारण 21 टक्के निघाले. पाचातला एक. तरी 1898 च्या प्लेगनंतर भरत गेलेल्या या जुन्या, झाडांच्या वस्तीत नियम त्या एकाचा चालतो, आणि बाकीचे चार जण तो पाळत रसेल मार्केटची काळी पिशवी दुसऱ्या पिशवीत लपवून आणतात. 2023 मध्ये मुंबईच्या आयआयटीत मेसची सहा टेबलं शाकाहारींसाठी राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. तिथेही शब्द 'आवड' हाच होता.

'पण वास येतो ना!' असं म्हणतात. येतो. मासळीला मासळीचा वास येतो. मग सारस्वतांच्या घरातला बांगडा आणि सीकेपींचं कोलंबीचं खडखडलं पाककृतींच्या पुस्तकात जातं, त्याला 'खाद्यसंस्कृती' म्हणतात, आणि त्याच माशाची पाटी घेऊन कोळीण लोकलच्या डब्यात चढली की बायका पदर नाकाला लावतात, हे कसं? मासा तोच, बहुतेकदा त्याच पाटीतला. वास माशावरून उडून हातावर बसतो, आणि हात कुणाचा ते बघून बसतो.

सॅसून डॉक 1875 मध्ये कापसाच्या व्यापारासाठी बांधला गेला. 2017 मध्ये तिथल्या गोदामांत मोठं कलाप्रदर्शन भरलं. भिंतींवर आमच्या बायकांचे भले मोठे फोटो लागले. लोक लांबून आले, रुमाल नाकाला लावून फोटोंचे फोटो काढून गेले. आईला ते आवडलं होतं, हेही सांगते. तिला राग आला नाही, मला आला. तिला तेव्हा बर्फाच्या भावाची काळजी होती.

आता आमच्याकडे येते, कारण फक्त बसवनगुडीला झोडपून लेख संपवणं सोपं आहे.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'मध्ये दाखवलं आहे की हिंदूंच्या खाण्यात दोन रेषा आहेत. एक मांस खाणारे आणि न खाणारे यांच्यातली, दुसरी गोमांसाची. आम्ही कोळी या दोन रेषांच्या मध्ये उभे आहोत आणि खालच्या रेषेकडे बघून समाधान मानतो. 2015 मध्ये पर्युषणातल्या मांसबंदीवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी झाली. मासळी का वगळली असं कोर्टाने विचारलं. सरकारी बाजूचं उत्तर होतं, मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, त्यात कत्तल नाही. कोळीवाड्यात आम्ही पोट धरून हसलो. आपला धंदा सुटला म्हणून हसलो. खाटकांच्या आणि कुरेशींच्या दुकानांचं काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि डॉकवर कोलंबी सोलणाऱ्या बायका? पहाटेपासून उकिडव्या बसतात, हात बर्फाच्या पाण्यात, बोटांना चिरा. संध्याकाळी तुरटीच्या पाण्यात हात बुडवतात. पैसे सोललेल्या मालाच्या वजनावर. संशोधनासाठी मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बऱ्याच जणी बंजारा, गुलबर्गा-यादगीरकडच्या. मी शिकायला कर्नाटकात आले, त्या पोटासाठी कर्नाटकातून आमच्या धक्क्यावर आल्या. आमच्या घरात त्यांना 'सोलणाऱ्या' म्हणतात. त्यांच्या मुलांच्या डब्यातलं खाल्लं म्हणून आजीने मला एकदा चांगलं फटकावलं होतं. दिवसभर मासळीत हात घालणारी आजी. तिलाही कुणाच्या तरी हाताचा वास येत होता.

मालकीणबाईंचा प्रश्न आणि आजीचा फटका एकाच शिडीवरून आलेले आहेत. फरक आहेच. आजीच्या हातात कुणाला घर नाकारायची सत्ता नव्हती, आणि तो फरक मी पुसणार नाही. पण माझ्या प्रबंधात बसवनगुडीवर एक प्रकरण आणि सोलणाऱ्यांवर एक तळटीप, असा हिशोब मी मांडून ठेवला होता. तो आता मोडला आहे. मार्गदर्शकांना हे कळवलं तर ते म्हणाले, सहा महिने वाढतील. वाढू देत.

मागच्या आठवड्यात मालकीणबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, आवाजही चढला नाही. 'तू चांगली मुलगी आहेस, पण घरात देव आहेत,' म्हणाल्या. महिनाअखेरीस खोली सोडायची आहे. फोनवर आता पहिल्याच वाक्यात सांगते, मासे खाते, आई मासे विकते. आतापर्यंत पाच घरं गेली.

जूनमध्ये दोन महिन्यांची मासेमारी बंदी लागली की आई उद्यान एक्स्प्रेसने इकडे येणार आहे. परवा पहाटे विचारत होती, सुके बोंबील आणू की नको, तुझ्या त्या बाईंना चालतील का. मी आण म्हणाले. ठेवायचे कुठे, ते अजून ठरायचं आहे.