चित्र म्हणजे समीकरण नव्हे

"समीकरणाचा फोटो काढा आणि पानावर चिकटवा. दिसल्याशी मतलब." गणित इंटरनेटवर कसे ठेवावे, हा विषय निघाला की हा सल्ला ठरलेला. बरीच वर्षे मीही तो पाळला. मग एकदा माझ्याच टिपणांवर स्क्रीन रीडर लावून डोळे मिटून बसलो. वर्गसमीकरणाच्या सूत्रापाशी यंत्र म्हणाले, "इमेज, सत्तावीस." आणि पुढच्या ओळीवर गेले.

यावर पूर्वपक्ष तयार असतो: चित्राला पर्यायी मजकूर जोडा की! जोडू. "अ अधिक ब भागिले दोन" असे लिहू. आता अ ४ आणि ब ६ धरा. एका ऐकणाऱ्याचे उत्तर ५ येईल, दुसऱ्याचे ७, आणि चूक दोघांचीही नसेल. भागाकाराची रेघ कुठून कुठवर आहे, हे शब्दांत उतरलेच नाही. वेबपानावर गणित मांडण्याच्या मॅथएमएल या खूणभाषेत 'एमफ्रॅक' या खुणेच्या पोटात अंश आणि छेद वेगळे बसतात; आधी रचना, मग रेघ. म्हणून समीकरण ऐकवता येते, कितीही मोठे केले तरी फुटत नाही, उचलून दुसरीकडे नेता येते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मॅथएमएल १९९८ साली प्रमाण झाले खरे, पण २०१३ मध्ये क्रोमने ते एका आवृत्तीत घेतले आणि पुढच्याच आवृत्तीत काढून टाकले. फायरफॉक्सवर दिसते, एवढ्या भांडवलावर कुणाला आग्रह करणार? मधली वर्षे निभावली ती २०१० साली आलेल्या, पानावर समीकरणे स्वतःच रेखणाऱ्या मॅथजॅक्स या प्रणालीने. पण २०२३ च्या जानेवारीत क्रोम १०९ मध्ये मॅथएमएल परतले. ते काम केले स्पेनमधल्या इगालिया या कंपनीने, जी तिथे काम करणाऱ्यांच्याच मालकीची आहे. (सहकार म्हटले की आपल्याला फक्त साखर कारखाना आठवतो.) तेव्हा 'चालत नाही' ही सबब आता शिळी झाली.

राहिला प्रश्न, एवढ्या खुणा हाताने कोण लिहिणार? कुणीच लिहू नयेत. गणिती मजकूर लिहिण्याच्या लाटेक या पद्धतीत अपूर्णांकाला पुरतात बॅकस्लॅश, फ्रॅक आणि महिरपी कंसांच्या दोन जोड्या. त्याचे मॅथएमएलमध्ये रूपांतर यंत्राने करावे. आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहाने २०२३ च्या अखेरीपासून लाटेकमधले शोधनिबंध याच वाटेने पीडीएफबरोबर वेबपान म्हणूनही द्यायला सुरुवात केली.

माझे सत्तावीस नंबरचे चित्र काल उतरले. बाकीची रांगेत आहेत.