तू मनातून आस्तिकच आहेस!

गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर बाबांची बायपास झाली. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आम्ही पाच तास बसून होतो. आईने पर्समधून अंगाऱ्याची पुडी काढली, माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि मी हात जोडले. झालं! बाबा सुखरूप बाहेर आले आणि आमच्या मामाला आयताच पुरावा मिळाला.

"काय इंजिनिअरसाहेब, वेळ आली तेव्हा जोडलेच ना हात? अरे, खरा नास्तिक जगात कोणी नसतोच. सगळे मनातून मानतात, फक्त कबूल करत नाहीत."

तेव्हापासून प्रत्येक मुंज-लग्नात हा किस्सा ऐकतोय. मामाशी तिथे वाद घालता येत नाही (जेवणाच्या पंगतीत तर नाहीच). म्हणून हा वीकांत इथे खर्ची घालतोय :)

तर मंडळी, मामाची युक्ती नवीन नाही. हजारेक वर्षांपूर्वी मिथिलेत उदयनाचार्य नावाचे मोठे नैयायिक होऊन गेले. 'न्यायकुसुमांजली' हा त्यांचा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठीच लिहिलेला. त्याच्या सुरुवातीलाच ते म्हणतात, अहो, ईश्वराला सगळेच भजतात. बौद्ध त्याला सर्वज्ञ म्हणून, चार्वाक लोकव्यवहारात जो सिद्ध आहे तो म्हणून, फार काय, कारागीरसुद्धा विश्वकर्मा म्हणून. मग शंका कुणाला उरली? आजचं व्हर्जन असं: "तू निसर्गाला मानतोस ना? विज्ञानाला मानतोस ना? मग तोच देव!"

आता एखाद्या पोराने असं फंक्शन लिहिलं की इनपुट काहीही द्या, ते 'आस्तिक'च रिटर्न करतं, तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण काय म्हणू? ही टेस्ट नाही बाबा, हा शिक्का आहे. जी परीक्षा नापास होताच येत नाही, तिच्यात पास होण्याला काय अर्थ? गंमत म्हणजे उदयनाचार्यांना स्वतःला हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी पुढे अख्खा ग्रंथभर युक्तिवाद केला. विरोधक खरंच आहे हे मान्य असल्याशिवाय कोण एवढे कष्ट घेईल?

दुसरा मुद्दा भीतीचा. संकटात देव आठवतो, म्हणजे तो मनात होताच. बरं. माझी करंगळी टेबलाच्या पायाला आपटली की मी 'आई गं!' ओरडतो. आई तेव्हा गारखेड्यात असते आणि मी पुण्यात. त्या ओरडण्यावरून आई खोलीत आहे हे सिद्ध होत नाही. मला दुखलं एवढंच सिद्ध होतं. थिएटरबाहेर मी घाबरलो होतो, हे शंभर टक्के कबूल. आईचा हात कपाळाला लागला तेव्हा बरंही वाटलं. पण घाबरलेल्या माणसाने केलेली गोष्ट हेच त्याचं खरं मत, हा नियम कुठून आला? घाबरलेला माणूस प्रॉडक्शन सर्व्हर तीन-तीनदा रीस्टार्ट करतो, ते काय त्याचं तत्त्वज्ञान असतं?

भगतसिंगांनाही हेच ऐकावं लागलं होतं. 'मी नास्तिक का आहे' हा निबंध त्यांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात लिहिला. वय २३, डोक्यावर फाशी. एक मित्र त्यांना म्हणाला होता, शेवटचे दिवस आले की मानायला लागशील. बाकीच्यांचं निदान होतं की याला गर्व झालाय. म्हणजे पर्याय दोनच, एकतर तू खोटारडा किंवा अहंकारी. विचार करून एखादा त्या निष्कर्षावर आला असेल, हा पर्याय यादीतच नाही.

आता हेच माप उलटं लावून बघू. शिंगणापूरला घरांना दारं-कुलपं नसतात. २०११ मध्ये यूको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखासुद्धा काढली. पण बाकी ठिकाणी देवळाच्या दानपेटीला कुलूप असतं, वर सीसीटीव्ही. नवस बोललेला माणूसही मेडिक्लेम भरतो. मामानेही भावजींना आधी कार्डिऑलॉजिस्टकडे नेलं, नवस नंतर. मग मी म्हणू का, की खरा आस्तिक जगात कोणी नसतोच? नाही म्हणणार. मामा म्हणतो मी मानतो, तर तो मानतो. त्याच्या मनातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच सौजन्य मला उलट हवंय.

आणि न मानणं ही काही अमेरिकेहून आलेली फॅशन नाही. आपल्या जुन्या दर्शनांच्या हिशोबात वेद न मानणारा तो नास्तिक, त्यामुळे बौद्ध आणि जैन त्याच खात्यात. दोघांकडेही जग निर्माण करणारा ईश्वर नाही. वेरूळला जाऊन मोजा. ३४ लेण्यांत १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. म्हणजे १७ विरुद्ध १७, अगदी निम्मी! त्या काळी एकाच डोंगरात जागा होती. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं, की सरकार कुणाला धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, 'मला धर्म नाही' असं नागरिक म्हणू शकतो. म्हणजे सरकारी फॉर्मला चालतं, मामाला नाही!

हे सगळं एवढं लागतं का? हो, लागतं. सध्या माझ्यासाठी स्थळं बघताहेत. मध्ये एका मुलीला आधीच स्पष्ट सांगितलं, मी देव मानत नाही. तिचे वडील हसले, "या वयात सगळेच बोलतात." लगेच आईने जोडलं, "तसं बोलतो हो, पण मनातून देवभोळा आहे." त्यांनी नकार दिला असता तर मला चाललं असतं. तिथे कुणी माझ्याशी भांडलंसुद्धा नाही. माझं बोलणं धरलंच नाही कुणी.

आई हे मायेने म्हणते, कळतं मला. पोरगा खरंच नास्तिक निघाला तर त्याचं काही वाईट होईल, ही धास्ती आहे तिला. पण त्या मायेत मी कुठे आहे? ती ज्याच्यावर माया करते तो तिने मनात तयार केलेला मुलगा आहे.

असो. मामाने बाबांसाठी भद्रा मारुतीला पायी जाण्याचा नवस केला होता. तो फेडायला श्रावणात एका शनिवारी रात्री तो खुलताबादला निघाला. त्याचे गुडघे दुखतात, म्हणून पाण्याच्या बाटल्या घेऊन मीही बरोबर चाललो. पहाटे देवळाच्या पायरीशी मामा म्हणाला, "बघ, आलासच ना शेवटी!"

मी मामासाठी आलो होतो. पण ते पुराव्यात कोण धरतं?