क्विनोआलाही पाणी लागतं

बोलिव्हियाच्या दक्षिण आल्टिप्लानोवर, समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरहून उंच, काही भागांत वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या क्विनोआच्या कोवळ्या पानाची खालची बाजू चोळली, की बोटांना पिठूळ पूड लागते. आपल्या चाकवताची लागते तशीच, कारण दोघं भाऊबंद. ही पूड म्हणजे पाणी आणि क्षार साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या. ताण पडला की पर्णरंध्रं मिटतात, मुळं ओलीमागे खोल जातात, वाढ थबकते.

म्हणून ‘याला पाणी लागतच नाही’ असं सांगत बियाणं विकणं आम्हाला घातक वाटतं. उगवण, फुलोरा आणि दाणे भरू लागण्याची वेळ, इथे ताण बसला की उतारा कोसळतो. बोलिव्हिया आणि बेल्जियमच्या संशोधकांनी नेमक्या याच टप्प्यांवर मोजकं पाणी दिलं. पूर्ण ओलिताच्या निम्म्या पाण्यात हेक्टरी १.२ ते २ टन उत्पादन स्थिर ठेवता येतं, असं त्यांना आढळलं. रब्बी ज्वारीला संरक्षित पाणी देणाऱ्याला हा हिशेब नवा नाही. या अंकात तोच तपशिलाने मांडला आहे, पाळ्यांच्या वेळांसकट.